ब्रेकचं पाणी

१

नर्सबाईंची पांढरी गाडी काल संध्याकाळी दोरखंडाने ओढून फाटकात आणली, तेव्हा तिचं पुढचं डावं चाक फिरतच नव्हतं. हट्टी पोराला दंड धरून शाळेत न्यावं तसं ते रस्त्याला घासत आलं होतं. आज सकाळी मागोमाग नर्सबाई स्वतः आल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर, कपाळावर टाका, आणि तोंडात एकच वाक्य.

"मला नाव पाहिजे."

माई फाटकाजवळच्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. गॅरेज उभं केलं त्यांच्या नवऱ्याने, पण तो गेल्यावर ते पडू दिलं नाही ते माईंनी. शाळेत त्या अक्षरं जुळवण्यापुरत्या गेल्या होत्या. तेवढ्यावर त्यांचं काही अडलं नव्हतं, आणि अडलं असतं तरी त्यांनी कबूल केलं नसतं.

"कुणाचं नाव?"

"मागच्या आठवड्यात ब्रेकच्या कामाला गाडी दिली होती. काल पुलावर ती डावीकडे ओढायला लागली. चाकातून धूर. मग बसलीच, रस्त्याच्या मधोमध. मागून टेम्पो येऊन आदळला. ह्या हाताने मी बाळंतपणं करते, माई. ज्याने माझ्या ब्रेकला हात लावला त्याचं नाव मला आज पाहिजे. नाही मिळालं तर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तुमचं सांगेन."

"माझं नाव सांगायला तुम्हाला दवाखाना कशाला? गल्लीत कुणालाही ठाऊक आहे," माई म्हणाल्या. "बसा. नाव मिळेल."

थोरला मुलगा ऑफिसातून बाहेर आला. त्याने बॉनेट उचललं, ब्रेकच्या डबीचं झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं आणि बोट उन्हात धरलं. बोटावर काळपट, बुळबुळीत थर होता.

"आई, पाण्यात तेल आहे."

नर्सबाईंच्या कपाळावरचा टाका आठीत गेला. "ब्रेकमध्ये पाणी कुठून आलं?"

ही त्या गॅरेजची जुनी खोड. सगळी दुनिया ज्याला ब्रेक ऑइल म्हणते, त्याला ह्या फाटकाच्या आत कुणी तेल म्हणायचं नाही. माईंच्या नवऱ्याने तशी ताकीदच दिली होती. ते तेल नव्हेच, तो म्हणायचा, आणि एकदा का तेल म्हटलं की एखादा दिवटा इंजिनाचं तेल त्यात ओतणार. इंजिनाच्या तेलाने ब्रेकमधलं सगळं रबर फुगतं आणि पॅड डिस्कला धरून बसतात ते सुटतच नाहीत. म्हणून इथे त्याचं नाव 'पाणी'. बाटलीवर चिठ्ठी नाही, काही नाही. खालच्या फळीवरची छोटी बाटली म्हणजे पाणी. इतकी वर्षं त्यात कुणी चुकलं नव्हतं.

"मागच्या आठवड्यात ह्या गाडीत पाणी कुणी भरलं?" थोरल्याने विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. टायर मोजत उभे असलेले जावई हळूच म्हणाले, "मी."

२

जावई म्हणजे धाकट्या लेकीचा नवरा. टेलरिंगचं दुकान होतं, चाललं नाही. तयार कपड्यांपुढे सुईचं काय चालणार? दुकान बंद झालं आणि धाकटी नवऱ्याला घेऊन माईंच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. तेव्हापासून माई त्यांना टेलरमास्तर म्हणत. त्यात लाड नव्हता.

"या टेलरमास्तर," माई म्हणाल्या. "गाडीला काज-बटण केलंत का?"

"नाही हो आई. मिस्त्रींनी सांगितलं, पाणी बघा. कमी होतं. खालच्या फळीवरची छोटी बाटली घेतली, खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं."

"बाटली छोटीच होती? की डोळे दुसरीकडेच होते?"

"छोटीच. बाटली कशी चुकेन? पहिल्या दिवसापासून तर माझं त्यावरून हसं होतंय."

ते खरं होतं. पहिल्या दिवशी थोरल्याने 'पाणी आण' म्हटल्यावर टेलरमास्तर नळाखाली मग भरून घेऊन आले होते आणि ते डबीत ओतायला निघाले होते. मिस्त्रीने हात धरला म्हणून गाडी वाचली. गॅरेज आठवडाभर हसत होतं. सगळ्यांत जास्त माई.

"हसं होतंय म्हणून शहाणपण येतं असं नाही," माई म्हणाल्या. "जा, बाजूला उभे राहा."

थोरल्याने तर निकालच देऊन टाकला. "आई, मी पहिल्यापासून सांगत होतो. ह्या माणसाचा हात कापडावरचा आहे. बाईंना नाव सांग आणि मोकळी हो."

"तू कुठे होतास त्या दिवशी?"

थोरल्याने मान वर केली. "माझ्यावरही संशय?"

"माझ्या पोटचा आहेस म्हणून तुला सूट नाही. कुठे होतास?"

"रंगकामाच्या शेडमध्ये. ब्रेक मिस्त्रींनी केले. पॅड, पिना, सगळं. पाणी तेवढं ह्यांनी भरलं."

राहिला मिस्त्री. मिस्त्री म्हणजे माईंच्या नवऱ्याचा जिवाभावाचा माणूस, आधी दुसऱ्या गॅरेजांत राबून आलेला. दोघांनी मिळून ह्या अंगणात गाड्यांखाली शिरायचा पहिला खड्डा खणला होता. मिस्त्री अजूनही अंगणातल्या मागच्या खोलीत राहायचा, माईंना वहिनी म्हणायचा, आणि माई ज्याला अरे-तुरे करत असा घराबाहेरचा तो एकटाच पुरुष होता. सख्खा दीर असता तरी इतका जवळचा झाला नसता.

तो कापडाला हात पुसत आला. "वहिनी, पोराला बोलू नका. चूक माझी. मी मागे उभं राहून बघायला हवं होतं."

"तू कशाला पांघरूण घालतोस?"

"पांघरूण नाही. पण बघा ना, नवा माणूस. बाहेर सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात. ऑइल म्हटलं की तेल, तेल म्हटलं की समोर दिसेल तो डबा. गोंधळला बिचारा. त्याने मुद्दाम नाही केलं, एवढं माझ्यासाठी ध्यानात ठेवा."

माईंना त्याचं कौतुक वाटलं. ज्याच्या कामावर बट्टा लागला तोच दुसऱ्याची बाजू घेत होता. त्यांनी टेलरमास्तरांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "संध्याकाळपर्यंत सामान आवरा. नर्सबाईंना तुमचं नाव मी देते, आणि तुम्ही मला तुमची खोली द्या."

वरच्या गॅलरीतून धाकटी हे सगळं ऐकत होती. ती जिना उतरून आली आणि आईच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

३

"तू पाहिलंस?" धाकटीने विचारलं.

"काय?"

"ह्यांना तेल ओतताना."

"पाहायला कशाला पाहिजे? डबीत तेल आहे, डबी ह्यांनी भरली."

"म्हणजे नाही पाहिलंस. शेजारणीच्या चोरीचा आळ मोलकरणीवर आला तेव्हा तू सगळ्या गल्लीला सुनावलं होतंस, पुराव्याशिवाय बोललात तर जीभ हासडीन म्हणून. मोलकरणीला तुझ्याकडे न्याय आहे. माझ्या नवऱ्याला नाही."

"धाकटे, तोंड सांभाळ."

"तुझंच आहे ते. ह्यांनी बॅग घेतली की माझीही बॅग निघेल. आणि मग मी ह्या फाटकात पाऊल टाकणार नाही. तू आजारी पडलीस तरी."

माईंना हे नाकाला मिरची लागल्यासारखं झोंबलं. लेक जाईल ह्याची धास्ती होती, पण त्याहून जास्त सलली ती दुसरी गोष्ट: पुराव्याशिवाय बोलतेस. माई उठल्या. पदर खोचला.

"थांब मग. तुझ्यासमोर दाखवते. चाक खोलून, हातात देऊन दाखवते तुझ्या नवऱ्याचे प्रताप. मग रडत बसू नकोस." त्या टेलरमास्तरांकडे वळल्या. "जॅक आणा. स्वतःचा खड्डा स्वतःच खणा, मला कंबर वाकवता येत नाही."

"वहिनी, कशाला हात काळे करता?" मिस्त्री म्हणाला. "तेल दिसतंय ना समोर. डबी धुऊन टाकू, रबरं बदलू, विषय संपला."

"विषय माझ्या लेकीने काढलाय. तो मीच संपवणार."

मिस्त्री मागच्या खोलीकडे गेला. माईंना वाटलं, बिचाऱ्याला टेलरमास्तरांची फजिती बघवत नाही.

गाडी चारी बाजूंनी उचलली. माईंनी एकेक चाक हाताने फिरवलं. मागचं उजवं गरगर फिरलं. मागचं डावंही. पुढचं उजवं तर बोट लावताच पळालं. पुढचं डावं मात्र भिंतीसारखं घट्ट.

माई थबकल्या. डबी एकच असते. तिच्यातलं पाणी चारी चाकांना जातं. तेलाने रबर फुगलं तर ते आधी डबीखालच्या मुख्य पंपात फुगतं, आणि मग चारी चाकं अडतात. एकट्या डाव्या चाकावर तेलाचा कसला राग?

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. नाक खुपसू नकोस."

त्या डाव्या चाकापाशी स्टूल ओढून बसल्या. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला मागे एक छोटी तोटी असते, निपल म्हणतात. ती सैल केली की अडकलेला दाब सुटतो. दाबामुळे चाक धरलं असेल तर ते तिथल्या तिथे मोकळं व्हायला हवं.

"पाना लावा आणि अर्धा फिरवा. अर्धा म्हणजे अर्धा, कंबरेचं माप नाही."

टेलरमास्तरांनी नेमका अर्धा फिरवला. चार थेंब पडले. चाक तसंच घट्ट. म्हणजे दाब नव्हताच. ह्या चाकाचं दुखणं पाण्यात नव्हतं, चाकातच होतं.

माईंनी ते थेंब पेल्यात धरले होते. त्यांनी वरून नळाचं पाणी ओतलं. ब्रेकचं पाणी साध्या पाण्यात साखरेसारखं मिसळतं, तेल मिसळत नाही. पेला स्वच्छ राहिला. मग त्यांनी डबीतला वरचा थेंब दुसऱ्या पेल्यात टाकला. त्याचा तवंग झाला आणि वर्तुळं तरंगायला लागली.

"तेल चाकापर्यंत आलंच नाही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "वरच्या वर तरंगतंय."

मग त्यांनी डबीचं झाकण हातात घेतलं. झाकणाच्या आत रबराची पातळ टोपी असते. आठवडाभर तेलात राहिलेलं रबर माईंनी पाहिलं होतं. फुगतं, वाकडं होतं, झाकण बसता बसत नाही. ही टोपी मात्र नखाने दाबली तर करकरीत. जागच्या जागी बसत होती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, आणि आपण 'टेलर' गाळलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, "हे तेल डबीत आठवड्यापूर्वी पडलेलं नाही. हे कालच्या रात्रीतलं आहे."

४

गाडी दाराशी येऊन बसल्यावर कुणीतरी तिच्यात तेल ओतलं होतं. अपघात होऊन गेल्यावर. म्हणजे अपघाताचं कारण ते नव्हतंच. ते कुणाच्या तरी माथी मारायचं कारण होतं.

"थोरला," माई मनात म्हणाल्या. थोरल्याला बहिणीचा नवरा नको होता. कामात नको, जेवायला शेजारी नको. किल्ल्या त्याच्याकडे होत्या. त्याने रात्री येऊन दोन चमचे तेल ओतलं असतं तर कोण विचारणार होतं? त्यांनी त्याला हाक मारली.

"डाव्या चाकाचा कॅलिपर उतरव. माझ्यासमोर."

थोरल्याने कुरकुरत दोन नट काढले. पॅडला रेटणारा पिस्टन मागे ढकलला, तो सहज गेला. पण ज्या दोन पिनांवर कॅलिपर पुढे-मागे सरकतो त्यांतली खालची पिन हलेना. पकड लावून ओढली तेव्हा ती बाहेर आली, आणि तिच्याभोवतीचं रबर बाहेर आलं ते दुप्पट जाड होऊन, काळ्या ग्रीसमध्ये माखलेलं.

थोरला बघतच राहिला. "हे तर सांगाड्याचं, चासीचं ग्रीस. पिनांना पांढरं लावतात. काळ्यात तेल असतं, रबर फुगणारच. कॅलिपर सरकला नाही, पॅड डिस्कवरच राहिला, घासून घासून तापला आणि चिकटला."

"कुणी लावलं?"

"आई, पिना..." तो थांबला.

"बोल."

"पिनांना मिस्त्रींशिवाय कुणी हात लावत नाही. तूच लावू देत नाहीस."

माई खुर्चीत बसल्या. धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. नर्सबाई ऑफिसच्या दारात आल्या होत्या. सगळे माईंकडे बघत होते आणि माई हातातल्या फुगलेल्या रबराकडे.

काळा डबा आणि पांढरा डबा. पोरसुद्धा ओळखेल. मिस्त्री चुकला कसा? चुकला तर चुकला, पण मग रात्री ती पिन काढून, पुसून, पांढरं ग्रीस लावून का नाही ठेवली? चूक झाकायचीच होती तर ती सरळ वाट होती. थोरला असता तर त्याने तेच केलं असतं, त्याला ते चहा थंड व्हायच्या आत जमतं. तेल ओतायची उठाठेव कुणी करेल? ज्याला पिन काढता येणार नाही तो. आणि ज्याने आयुष्यभर पिना काढल्या त्याला ती का काढता येऊ नये?

रात्री अडकलेली पिन काढून पांढरा डबा ओळखायला डोळे लागतात. तेल ओतायला लागत नाहीत.

आणि मग माईंच्या कानात सकाळचं बोलणं पुन्हा वाजलं. बाहेर सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, गोंधळला बिचारा. पण टेलरमास्तर बाहेरच्या कुठल्या गॅरेजात गेले होते? त्यांनी पहिला पाना इथे धरला. ब्रेकला ऑइल म्हणतात हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ते गोंधळले असते तर त्यांनी नळाचं पाणी ओतलं असतं, एकदा ओतायला निघाले होते तसं. तेलाचा गोंधळ त्यांना सुचलाच नसता. तो सुचणारा माणूस इथे येण्याआधी दुसरीकडे काम केलेला हवा.

"मास्तर," माईंनी विचारलं, "मिस्त्रीला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

टेलरमास्तरांनी धाकटीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आमच्या धंद्यात म्हातारे कारागीर असेच करतात हो. नजर गेली की बोटांनी दोरा शोधतात आणि तोंडाने गप्पा मारत राहतात, समोरच्याचं लक्ष हाताकडे जाऊ नये म्हणून. मिस्त्री हल्ली फार गप्पा मारायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, टेलरमास्तरांचा म्हाताऱ्याच्या जागेवर डोळा आहे."

माई अगदी हेच म्हणाल्या असत्या. शब्दही हेच.

त्या उठल्या आणि अंगण ओलांडून मागच्या खोलीकडे निघाल्या. फुगलेलं रबर त्यांनी खुर्चीवरच ठेवलं होतं.

५

खोलीचं दार उघडं होतं, ऊन थेट आतपर्यंत आलं होतं. मिस्त्री खाटेवर बसला होता. पायांचा आवाज ऐकून म्हणाला, "वहिनी, झालं का समाधान? पोराला फार बोलू नका."

माई त्याच्यासमोर, उन्हात उभ्या राहिल्या. आपला उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"हे बघ. पिनेचं रबर. कसं फुगलंय बघ."

मिस्त्रीने मान पुढे केली. डोळे बारीक केले. "फुगलंय खरं," तो म्हणाला. "तेलानेच फुगलं असणार."

माईंच्या तळव्यावर काहीच नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला.

"माझा हात रिकामा आहे, मिस्त्री."

मिस्त्रीचे खांदे खाली गेले, दोरी कापलेल्या पडद्यासारखे.

"कधीपासून?" माईंनी विचारलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी धुकं वाटायचं. मग डबे सारखे दिसायला लागले. वास घेऊन ओळखायचो, वहिनी. त्या दिवशी सर्दी झाली होती, त्या पिनेच्या वेळी बोट काळ्या डब्यात गेलं."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर माईंना हसू आलं असतं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढलं असतंत."

"काढलं असतं? तुला? माझ्या शेजारी खुर्ची टाकली असती. पोरांना शिकवत बसला असतास."

"खुर्ची म्हणजे काढणंच की. हात चालतो तोवर मी मिस्त्री. खुर्चीत बसलो की म्हातारा. तुम्ही खुर्चीत बसता ते मालकीण म्हणून. मी काय म्हणून बसू?"

माई वाद घालायला आल्याच नव्हत्या.

"चूक झाली ती झाली. चूक मी गिळली असती. बाईंच्या पाया पडले असते तुझ्यासाठी. पण रात्री उठून तेल ओतलंस. ते चुकून नाही ओतलंस. माझ्या लेकीच्या संसारात ओतलंस."

"मी पोराची बाजू घेतली की नाही?"

"घेतलीस. बाजू घेत घेत आळ त्याच्याच गळ्यात मारलास. मुद्दाम केलं नाही म्हणे. अरे, त्याने केलंच नव्हतं."

मिस्त्रीचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, तो गेला तर तुम्हालाही बरं वाटेल. तुम्हाला तो नकोच होता. रोज म्हणत होतात, टेलरमास्तर, टेलरमास्तर. मी म्हटलं, एवढं वहिनींच्या मनातलंच आहे. मी नुसता ढकलतो."

हे ऐकल्यावर माईंना खरं दुखलं. आतापर्यंतचं सगळं वरवरचं होतं. हा माणूस त्यांना इतका ओळखून होता की त्याला पुरावा रचायचीही फारशी गरज पडली नव्हती. थोडं तेल, बाकीचं काम माईंची जीभ करेल, हे तो धरून चालला होता. आणि त्यांच्या जिभेने ते केलंही, सकाळच्या पहिल्या चहाच्या आत, सगळ्या गॅरेजसमोर.

"नर्सबाई नावासाठी थांबल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा, वहिनी. माझ्याने होणार नाही."

माई दारापर्यंत गेल्या. तिथून वळल्या.

"माझी जीभ तुम्हाला एकदा वापरायला मिळाली, मिस्त्री. आता तुमची वापरा."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. मिस्त्रीला कमी दिसत असेल, पण ऐकायला स्पष्ट येत होतं. त्याने हाताने तोंड झाकून घेतलं.

६

तो बाहेर आला आणि सांगितलं. सगळं, ग्रीसपासून तेलापर्यंत, नर्सबाईंसमोर आणि टेलरमास्तरांसमोर. थोरला मधेच काहीतरी बोलायला गेला, माईंनी त्याला नजरेने गप्प केलं.

नर्सबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात धरला आणि एवढंच विचारलं, "थंडीपासून किती गाड्यांच्या पिना केल्यात तुम्ही?"

मिस्त्रीला सांगता आलं नाही. अंगणात सगळ्यांचे चेहरे उतरले. हा प्रश्न माईंनाही सुचला नव्हता.

दुपारी मिस्त्रीचा पुतण्या येऊन त्याला घेऊन गेला. माई खुर्चीतच होत्या. मिस्त्री फाटकाशी थांबला, काही ऐकू येतंय का म्हणून. मग तो गेला.

त्या वर गेल्या तेव्हा जिन्याच्या तोंडाशी दोन बॅगा होत्या. धाकटी कपाटातले कपडे काढत होती आणि टेलरमास्तर त्यांच्या घड्या घालत होते, इतक्या नीट की माईंना उगीचच राग आला.

"बॅगा आत ठेवा," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सगळ्यांना कळलं."

"कळलं," टेलरमास्तर म्हणाले. "आई, एक विचारू? आज तुम्ही चाक खोललंत ते मला सोडवायला खोललंत का?"

खोटं बोलणं सोपं होतं. लेक तिथेच उभी होती, एका शब्दावर सगळं सांधलं असतं. पण माईंना मिस्त्रीचं पांघरूण आठवलं आणि तो शब्द तोंडात आला नाही.

"नाही. तुम्हाला घालवायला खोललं."

"मला वाटलंच." त्यांनी शेवटची घडी बॅगेत ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर माईंनी परतवला असता. "आम्ही भाड्याची खोली बघितली आहे, जवळच. सकाळी मी कामाला येईन. त्या सगळ्या गाड्या तपासायला हव्यात, माणसं कमी आहेत. पण राहणार तिकडे."

"धाकटे?"

धाकटीने बॅगेची चेन ओढली. "हे कामाला येतील, आई. मी येणार नाही. मी सकाळीच सांगितलं होतं."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"तेच तर."

ते दोघं जिना उतरून गेले. माई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वरची खोली रिकामी, अंगणातली खोली रिकामी. एकीत नको असलेला माणूस होता आणि दुसरीत हवा असलेला, आणि ह्यातला कोण कोण होता हे ओळखायला त्या चुकल्या होत्या. त्यांचे डोळे तर शाबूत होते.

खाली आल्या तेव्हा थोरला फोन घेऊन बसला होता, समोर गिऱ्हाइकांचे नंबर.

"आई, सगळ्यांना गाडी घेऊन या म्हणून सांगतो. काय सांगू? आमच्या मिस्त्रीने चुकीचं ग्रीस लावलं होतं, आता तो नाही, असं सांगू?"

"नाही."

"मग?"

"आमच्याकडून चुकीचं काम झालं, असं सांग."

"आमच्याकडून? त्याने केलं ना?"

"नंबर लाव," माई म्हणाल्या. "मी बोलते."